जुन्या वाड्यातल्या हॉटेलात रूम घेताना काय बघायचं?

पुणेकर_लेक: आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला कोल्हापूरला यायचंय, अंबाबाईचं दर्शन आणि मग निवांत राहणं. जुनी इमारत नीट करून केलेलं छोटं हॉटेल हवंय, फोटो सगळ्यांचेच भारी असतात पण बाबांचे गुडघे दुखतात, रूम कुठली मागू? शालिनी पॅलेसमध्ये पण हॉटेल होतं ना?

रंकाळा_कट्टा: होय ताई, 1931 ते 34 मध्ये बांधला आणि 1987 ला हॉटेल झालं, संध्याकाळी रंकाळ्यावरनं काळा दगड काय दिसतोय, बघाच. रूम तळमजल्याचीच मागा, जुन्या जिन्याच्या पायऱ्या उंच असतात. आणि बाथरूम नक्की विचारा! ते नंतर बसवलेलं असतं, पाइप न्यायला फरशी उचलतात, त्यामुळं दारातच पायरी येते आणि रात्री म्हातारं माणूस तिथंच अडखळतंय.

चुना_माती: तळमजला बरोबर, पण वर लाकडी पाटणी, म्हणजे फळ्यांची जमीन, असेल तर वरच्याचं पाऊल न् पाऊल ऐकू येतं, म्हणून वर कुणी राहत नाही अशी रूम बघा. दगड-चुन्याच्या जाड भिंती उन्हाळ्यात मस्त गार राहतात, पण त्यावर प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते, पोपडे निघतात, पावसाळ्यात कुबट वास. चुन्याचाच हात दिलेल्या मालकाला खरंच वाड्याची माया आहे समजा.

पुणेकर_लेक: पायरीचं डोक्यातच नव्हतं! बाथरूमचे फोटो मागवते.

रंकाळा_कट्टा: न्यू पॅलेस पण दाखवा त्यांना, 1884 चं बांधकाम, म्युझियम खालीच आहे.