अकरावीला बाँडिंग आणि स्टेट्स ऑफ मॅटर जोडून कसं शिकवता?

खडूफळा: ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. पुस्तकात बाँडिंग पाचवा धडा आणि स्टेट्स ऑफ मॅटर थेट दहावा, तोवर पोरांच्या डोक्यातून सगळं पुसलेलं असतं. मिथेन १०९.५, अमोनिया १०७, पाणी १०४.५ हे रेणूतल्या बाँडमधले अँगल झोपेतसुद्धा सांगतील, पण परवा विचारलं उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात काय असतं, तर अर्धा वर्ग म्हणे हायड्रोजन आणि ऑक्सिजन! सीईटीची तयारी करणारी पोरं आहेत हो ही. कुणी दोन्ही धडे सांधून शिकवतं का?

मोलभाव: हे उत्तर सगळीकडे येतं मॅडम, टेन्शन घेऊ नका. सरळ आकडे लिहा फळ्यावर. एक मोल पाण्याची १०० डिग्रीला वाफ करायला साधारण ४१ किलोज्यूल लागतात आणि त्याच पाण्यातले सगळे ओ-एच बाँड तोडायचे तर ९२५ च्या आसपास, मग विचारा पातेल्यात यातलं नक्की काय होतंय. बाँड जागच्या जागी, रेणूरेणूंमधली ओढ तेवढी सुटते.

पिपेट: +१. मी पुढे सीओटू घेतो. तीन अणू यातही, पाण्यातही, आणि रेणूचं वजन बघाल तर सीओटू ४४ चा, पाणी १८ चं, तरी सीओटू गॅस आणि पाणी लिक्विड, असं का? सीओटूचा रेणू सरळ रेषेत म्हणून डायपोल (बाँडच्या एका टोकाला जरा प्लस, दुसऱ्याला मायनस) एकमेकांना मारतात, पाण्याचा वाकडा म्हणून उरतात. इथे एखादं हुशार पोरगं हमखास अडवतं की सर, एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) पण वाकडाच आहे, तो उणे ६० लाच कसा उकळतो? अडवू दे, हायड्रोजन बाँड, म्हणजे पाण्याच्या रेणूरेणूंमधली ती जास्तीची ओढ, शिकवायची वेळ तीच.

मोलभाव: रेणूच्या शेपसाठी फुगे आणा, एक फुगा म्हणजे इलेक्ट्रॉनची एक जोडी. दोन-दोनच्या दोन जोड्या बांधून मधोमध पीळ दिला की आपोआप टेट्राहेड्रल (चार टोकं चार दिशांना) होतात, बाकावर दाबून चपटे केले तरी हात काढला की परत उभे. लोन पेअरचे (बाँडमध्ये नसलेल्या जोडीचे) फुगे वेगळ्या रंगाचे, जरा जास्त फुगवलेले, आणि शेपचं नाव देताना ते धरायचे नाहीत हे बजावून सांगा, पेपरात मार्क तिथेच जातात.

नवामास्तर: आणि घासलेल्या कंगव्याने नळाची धार वाकवायची, पाणी पोलर आहे म्हणून वाकते, पोरं खूश होतात.

पिपेट: प्रयोग करा, पण कारण ते देऊ नका प्लीज. पुस्तकापुस्तकांत छापलंय तरी. कंगव्यामुळे धारेतच उलटा चार्ज जमा होतो, वाकते मुख्यतः त्यामुळे. पोलॅरिटीसाठी बॉइलिंग पॉइंटच बरे.

खडूफळा: भारी. मग मी असं करते, दहाव्यातला इंटरमॉलिक्युलर फोर्सेसचा, म्हणजे रेणूरेणूंमधल्या ओढीचा भाग उचलून बाँडिंगला लागूनच घेते, गॅस लॉज राहू देत तिकडेच. पोर्शनच्या रजिस्टरमध्ये कुठे दाखवायचं तेवढं बघावं लागेल.