कोल्हापूरहून व्हाइटवॉटर कयाकिंग शिकायचे आहे, सुरुवात कोठे करावी?

नमस्कार. मी कोल्हापूरचा असून लहानपणापासून पंचगंगा घाटावर पोहत आलो आहे. गेल्या हिवाळ्यात कोलाडला राफ्टिंग करताना आमच्यासोबतचा कयाकवाला (कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी नाव) एका उभ्या लाटेवर, प्रवाहाकडे तोंड करून, जागच्या जागी तरंगत राहिलेला पाहिला आणि तेव्हापासून हेच शिकायचे मनात आहे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरून पाणी पडू लागले की त्याखाली सराव करता येईल का? नसल्यास कोठे जावे?

प्रतिसाद १
बंधाऱ्याचा विचार कृपया पूर्णपणे सोडून द्या. पाणी पायरीवरून खाली पडले की पृष्ठभागावरचे पाणी उलटे, म्हणजे पायरीकडे, फिरते. नदीतल्या कातळाची पायरी वाकडीतिकडी असते, त्यामुळे या फिरत्या पाण्याला कोठेतरी तोंड मिळते. त्याच्या दोन्ही कडा प्रवाहाच्या दिशेने वळलेल्या असतील, तर सापडलेला माणूस बाजूने बाहेर पडू शकतो. बंधारा मात्र या काठापासून त्या काठापर्यंत सरळ असल्याने सुटकेची वाटच उरत नाही, आणि वरून ते पाणी अगदी निरुपद्रवी दिसते. शिवाय आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात, बरगे (गाळे बंद करायच्या फळ्या) काढलेले असले तरी, पुरात वाहून आलेली झाडे गाळ्यांत अडकतात; त्यांतून पाणी जाते, माणूस अडकतो.

प्रतिसाद २
वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आधी जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली संथ पाण्यात उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडणे आणि मग रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच पुन्हा सुलटी करणे, शिकावा. स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती बांधून कयाकचे तोंड झाकणाऱ्या आवरणाची) ओढायची पट्टी बाहेर राहिली आहे ना, हे दर वेळी हाताने चाचपून पाहावे. ती आत दुमडली गेली, तर पाण्याखाली डोके असताना सापडत नाही.

त्यानंतर कोलाड उत्तम. तेथील कुंडलिका नदीला भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सकाळी पाणी सोडले जाते, म्हणून आदल्या रात्री मुक्कामी पोहोचणेच बरे. तेथे मी पहिल्याच लाटेवर आडवा झालो, कयाकची, प्रवाह जिकडून येतो त्या अंगाची कड पाण्यात बुडाली आणि काही कळायच्या आत उलटलो. लाटेवर आडवे झाल्यास प्रवाह जिकडे वाहतो तिकडे कलावे, हे शरीराला त्या दिवशी पटले. पोहावे लागल्यास उताणे होऊन पाय पुढे ठेवावेत आणि वेगाच्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण खडकांच्या फटीत पाय अडकला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. घाटावरच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही हे नव्याने शिकावे लागते.

रोल पक्का झाल्यावर बेळगावमार्गे गणेशगुडीला जाऊन, सुपा धरणाखालच्या काळी नदीवर हात आजमावावा. जुलै-ऑगस्टमध्ये सवड मिळाल्यास कोझिकोड जिल्ह्यातील मलबार रिव्हर फेस्टिव्हलला जावे. तेथे देशोदेशीचे कयाकवाले पायरीवरून उतरताना नाक वर ठेवून कयाक कशी पुढे झेपावतात, हे काठावरून नीट पाहता येते.

मूळ प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. बंधाऱ्याचा बेत रद्द केला आहे. रोल शिकवणारे कोणी कोल्हापुरात किंवा सांगलीत असल्यास कृपया कळवावे.