विझलेले तारे?
‘दिसणारे निम्मे तारे कधीच विझलेत, नुसता प्रकाश येतोय’ हे ऐकायला झकास आहे, पण खरं नाही. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे बहुतेक तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आतलेच, म्हणजे त्यांचा प्रकाश फार तर काही हजार वर्षं जुना. ताऱ्यांचं आयुष्य मात्र लाखो-कोट्यवधी वर्षांचं. व्याधाचा प्रकाश ८.६ वर्षांत पोचतो, म्हणजे तिसरीतल्या पोराच्या वयाचा! अभिजितचा २५ वर्षांत. मृगातला तांबूस काक्षी तेवढा म्हातारा, कधीतरी फुटणार. पण त्याच्याकडेही बहुधा हजारो वर्षं शिल्लक आहेत.

खरोखर जुना प्रकाश बघायचाय? नोव्हेंबरात, अमावास्येच्या आसपास, शहरातल्या दिव्यांपासून लांब जाऊन देवयानी दीर्घिकेचा (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या दुसऱ्या प्रचंड समूहाचा) पुसट ठिपका शोधा. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय. मला दुर्बिणीशिवाय सापडायला तीन रात्री लागल्या.