मदत हवी आहे: क्लोन केलेल्या जिवाला पहिलं शील (जीवहत्या न करणं) कधीपासून लागू होतं?

जय भीम, नमो बुद्धाय.

विहारात दर रविवारी मी मुलांचा धम्मवर्ग घेते. परवा बारावीतल्या एका मुलीने वही पुढे केली. केंद्रक काढलेलं अंडं, त्यात बसवलेली मेंढीच्या कासेची पेशी. डॉली, क्लोन केलेली मेंढी, १९९६. “ताई, यात बाप कुठाय?” मला उत्तर सुचलं नाही.

महातण्हासंखय सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या एका उपदेशात, गर्भधारणेला तीन गोष्टी लागतात असं आहे: आईबापांचा संयोग, आईचा ऋतुकाळ आणि गंधब्ब (जन्म घ्यायला आलेला जीव). इथे तर संयोगच नाही. मग सुत्त शब्दशः घ्यायचं, की त्या काळचं वर्णन म्हणून?

आत्म्याची नक्कल होईल ही भीती अनात्मवादात (कायमचा आत्मा नाहीच, या शिकवणीत) उरत नाही, हे पटतं. माझं अडतं ते पाणातिपातापाशी, म्हणजे जीवहत्येपाशी. डॉलीसाठी २७७ अंडी जुळवली, जगली ती एकटी. २००५ मध्ये दक्षिण कोरियात स्नपी या कुत्र्यासाठी १२३ माद्यांच्या पोटात हजारावर भ्रूण सोडले. त्या माद्यांच्या दुःखाचं काय?

विञ्ञाण (जाणीव) गर्भात नेमकं कधी उतरतं, यावर अट्ठकथा, म्हणजे सुत्तांवरची जुनी पाली भाष्यं, काय सांगतात? पाली शिकलेल्यांनी कृपया सांगा, मराठीत वाचायला मिळालं तर फारच बरं. येत्या रविवारी ती पुन्हा विचारणार आहे.