मदत हवी आहे: वरच्या डोसच्या उंदरांचं वजन वाढत नाहीये

रानवारा: दीर्घकालीन चाचणी चालू आहे. व्हिस्टार जातीचे प्रयोगशाळेतले उंदीर, प्रिझर्व्हेटिव्ह खाद्यातून. वरच्या डोसचा गट वजनात कंट्रोलच्या (प्रिझर्व्हेटिव्ह न दिलेल्या गटाच्या) मागे पडलाय, नर जास्तच. गाईड म्हणतात, विषारीपणा, लिहून टाक. मला पटत नाहीये. सोमवारी मीटिंग आहे, लवकर सांगा.

चिकित्सक: कुठलं प्रिझर्व्हेटिव्ह? किती टक्के? की पत्रिका बघून सांगायचं?

रानवारा: सोडियम बेंझोएट, अजून काय. ४ टक्के.

माईचं_लोणचं: मी लोणच्यात बेंझोएट घालतच नाही. मीठ हात राखून घालू नका आणि वर बोटभर तेल ठेवा. वर्षभर टिकतं.

अनुभवी९८: खाद्याची भानगड सोडा, नळीने पोटात द्या. डोस मोजून जातो.

पेशी: रोज नळी, दोन वर्षं? अन्ननलिकेला इजा होऊन मेला तर तो बेंझोएटच्या खात्यात टाकणार का? माणूसही ते सरबतातून घोट घोट घेतो.

अनुभवी९८: आमचे नाही मेले. हात बसलेला लागतो.

भूतदया: मुळात उंदीर कशाला? पेशींवर करा ना.

पेशी: बशीतली पेशी दोन वर्षं म्हातारी होत नाही हो. @रानवारा, खाद्य किती खातात?

रानवारा: डब्यातलं उरलेलं मोजतो. वरच्या गटाचं खाणं थोडं कमी आहे.

पेशी: आणि सांडलेलं? चव नावडली की उंदीर खाद्य उकरून खाली टाकतात. भुशातलं चाळून, वाळवून मोजा. मग पेअर-फेडिंग: एका गटाला साधं खाद्य, पण बेंझोएटवाले आदल्या दिवशी जेवढे खातात तेवढंच. दोन्ही सारखेच रोडावले तर दोष कमी खाण्याचा.

चिकित्सक: तेवढ्यावर भागत नाही. बेंझोएट यकृतात ग्लायसिन या अमिनो आम्लाला जोडलं जाऊन हिप्युरिक आम्ल होतं आणि लघवीवाटे जातं. डोस मोठा असला की ग्लायसिन अपुरं पडून वाढ खुंटते. शिवाय ४ टक्के म्हणजे खाद्यात ०.६ टक्के जादा सोडियम. कंट्रोलला तेवढं दिलंय? सोडियम हलकं घेऊ नका: सॅकरिन या कृत्रिम गोडीच्या पदार्थाच्या सोडियम क्षारानं नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी केल्या, त्या माणसाला लागू नाहीत हे ठरून अमेरिकेतला डब्यावरचा कर्करोगाचा इशारा निघायला २००० साल उजाडलं.

रानवारा: कंट्रोलला साधंच खाद्य आहे. पेअर-फेडिंगचा गट आत्ता घातला तर चालेल?

पेशी: वय जुळणार नाही. कोवळ्या उंदरांवर ९० दिवसांचा वेगळा प्रयोग लावा, सगळे गट नवे. प्राणी नीती समितीची परवानगी आधी.

अनुभवी९८: त्यापेक्षा नळी.