गिटार आणली म्हणून पोरं उपासनेला येतात का?

नगरी पेटीवाला: काल एकाने पोस्ट टाकली: तरुण चर्चमध्ये टिकवायचे तर 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक कपाटात ठेवा, बँड आणा, गाणी स्क्रीनवर रोमन अक्षरांत दाखवा, कारण पोरांना देवनागरी वाचायचा कंटाळा. डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय. आमच्या मंडळीने हा प्रयोग तीन वर्षांपूर्वी केला. चार रविवार बाकं भरली. आता ड्रमवर चादर असते आणि पावसाळ्यात तिच्यावर पाळकसाहेबांची छत्री वाळते. ख्रिस्ती भजनं लिहिणारे कवी ना. वा. टिळक इतकी वर्षं नगरला राहिले, अन् इथल्या तरुण संघाला त्यांचं एक भजन पाठ नाही. टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. आमची पोरं यूट्यूबच्या उड्डाणपुलावरून कुठे चाललीत, देव जाणे.

शेवटचं बाक: काका, तुमच्या लेखी तरुण म्हणजे नाताळात खुर्च्या उचलणारे आणि चांदणी टांगायला शिडीवर चढणारे. 'तुझे तारुण्य कोणी तुच्छ मानू नये' या बायबलच्या वचनावर दरवर्षी उपदेश होतो, कमिटीत मात्र सगळे पन्नाशीपुढचे. नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा मी आठ रविवार एका जुन्या, मोठ्या चर्चला गेले. आठ रविवारांत एकच वाक्य कानावर आलं, तेही एका बाईंचं: "ही आमची जागा आहे, जरा सरकता का?" मग ऑफिसातल्या मैत्रिणीने एका घरच्या प्रार्थनेला नेलं. दहा जण, चटई, एक तार तुटलेली गिटार. पुढच्या आठवड्यात मला ताप आला तर त्यातली दोन पोरं मऊ भाताचा डबा घेऊन होस्टेलच्या गेटवर उभी. वॉचमन आत सोडेना, तर त्यालाच डबा देऊन गेली. गाणी कुठल्या भाषेतली होती ते मला आठवतही नाही.

वसईचा कुपारी: भाषेचं एवढं हलक्यात घेऊ नका. माझ्या आजीने अर्धं आयुष्य लॅटिन मिस्सा, म्हणजे आम्हा कॅथलिकांची उपासना, ऐकली. शब्द कळायचा नाही, जपमाळ ओढत बसायची. कॅथलिक धर्मगुरूंची दुसरी व्हॅटिकन परिषद (1962-65) झाली तेव्हा कुठे मराठी मिळाली. आज तिची पतवंडं मराठी मिस्सा सोडून इंग्रजीला जातात, आणि घरी कादोडी, आमची वसईची बोली, बोललं की हसतात. यात चर्चचा काय दोष? पोरांना इंग्रजी शाळेत तुम्हीआम्हीच घातलं ना?

पाळकाचा मुलगा: रोमन अक्षरांवर एवढा गळा काढणाऱ्यांना आठवण करून देतो: फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, ख्रिस्तावरचं मराठी काव्य, 1616 ला गोव्यात छापलं ते रोमन अक्षरांतच. आपलं सगळ्यात जुनं छापील वैभव!

नगरी पेटीवाला: त्यांच्याकडे देवनागरी टाईप नव्हता. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. चारशे वर्षांपूर्वीची अडचण आज आळस झाकायला वापरू नका.

पाळकाचा मुलगा: आळस? आठवीपासून संडे स्कूल घेतोय मी. पुस्तक दिलं की मुलं तोंड हलवतात, स्क्रीनवर रोमन दिलं की गातात. तुमच्या पेटीची हवा तर पहिल्याच कडव्याला जाते.

नगरी पेटीवाला: पेटीवर जाऊ नका. ती वडिलांची आहे.

केडगाववाली: पेटी, गिटार, लिपी... मूळ प्रश्न कुठे राहिला? 1905 साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये श्रद्धेची जागृती झाली ती मुलींच्या प्रार्थनेतून. शेकडो जणी एकदम मोठ्याने प्रार्थना करायच्या. तेव्हाही शिस्तीच्या लोकांनी नाकं मुरडलीच होती. आज तरुण जरा मोठ्याने 'हालेलुया' म्हणाले की तुम्ही मागे वळून बघता.

वसईचा कुपारी: मोठ्याने म्हणण्याला ना नाही हो. पण स्पीकर लावून रात्री अकरापर्यंत? आमच्या गल्लीत...

केडगाववाली: गल्लीचा वेगळा धागा काढा.

नगरी पेटीवाला: @शेवटचं बाक, त्या चर्चमधल्या बाई आमच्याच नात्यातल्या निघाल्या तरी नवल नाही. आमच्याकडेही बाकं ठरलेली आहेत. खरं सांगायचं तर माझा धाकटा गेल्या ईस्टरपासून आलेला नाही, आणि तो का येत नाही हे मी त्याला विचारलेलं नाही. पाळकसाहेबांना सांगितलं, त्यांनी कमिटीला सांगितलं, कमिटीने ड्रम घेतला. झालं समाधान? पण म्हणून टिळक अडगळीत टाकू देणार नाही.

शेवटचं बाक: टाका म्हटलं कुणी? आमच्यातल्या एकाला त्यांची भजनं शिकायची आहेत, चाली कुणालाच येत नाहीत. धाकटा पुण्यात असेल तर शनिवारी सातला पाठवा. गाणं यायलाच हवं असं नाही, चहा मात्र आळीपाळीने करावा लागतो.

नगरी पेटीवाला: पुण्यातच असतो. कुठे राहतो ते त्याच्या आईला माहीत आहे. चाली मी रेकॉर्ड करून पाठवतो. पेटीवरच.

पाळकाचा मुलगा: हवा भरून घ्या आधी.