मदत हवी आहे: गावाचं 'तगणं' मोजताना ऊसतोड अधिकमध्ये धरायची की उण्यात?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या पायथ्याच्या एका जिरायती गावात आम्ही चौघं घरोघरी पाहणी करतोय. पाऊस दगा देतो, नाहीतर सप्टेंबर २०२५ सारखा झोडपून काढतो, तेव्हा कुठलं घर सावरतं, कुठलं बसतं आणि का, एवढंच शोधायचंय. अहवालात याला 'लवचिकता' म्हणतात. गावात तो शब्द काढला तर एकानं योगासनांचा वर्ग आहे का विचारलं. तेव्हापासून आम्ही 'तगणं' म्हणतो.

आराखडा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या 'रीमा' या लवचिकता मोजायच्या पद्धतीवरून घेतलाय: मूलभूत सेवा, मालमत्ता, सामाजिक आधार आणि जुळवून घेण्याची क्षमता असे चार खांब. सोयीसाठी प्रत्येकाला २५ गुण आम्हीच दिले. इथंच घोळ झालाय.

एक घर: १४ एकर, विहीर, ट्रॅक्टर. ७१ गुण. सगळं रान सोयाबीनखाली. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण उपयोग काय, शेंगा पाण्यात राहून दाणा काळा पडला. ट्रॅक्टरचा हप्ता थकलाय, रब्बीचं बी हातउसनं आणलं.

दुसरं घर: अडीच एकर, सोयाबीनमध्ये तूर, परसात सात उस्मानाबादी शेळ्या आणि त्यांची पिल्लं. ४३ गुण. आजीनं दोन बोकड विकले, ज्वारीचं बी आणलं, वाफसा येताच पेरून मोकळी. वर आम्हालाच म्हणाली, "बोकड म्हंजी ब्यांकच की, फकस्त पाला खाती."

आमच्या फॉर्मात 'संकटात जनावर विकलं' याला उणे ५ आहेत. ते आजीला बसले, आणि गाभण म्हैस विकणाऱ्या शेजाऱ्यालाही तेवढेच बसले. बोकड विकायलाच वाढवतात हो! गाभण म्हैस विकणं म्हणजे बियाणंच दळून खाणं.

ऊसतोडीचं त्याहून अवघड आहे. 'शेतीबाहेरचं उत्पन्न' असेल तर अधिक ८, म्हणून कोयत्यावर (ऊसतोडीला) जाणारी घरं एकदम वर सरकली. एका घरी ओसरीवर नवरा सांगत होता, उचलीच्या (मुकादमाकडून तोडीआधीच घेतलेल्या आगाऊ) पैशातून पत्रे टाकले, पोरीचं लग्न केलं. त्याच वेळी आत चुलीपाशी त्याची बायको आमच्या सहकारी ताईंना म्हणाली, "गेल्या सालाची बाकी फिटली न्हाई. म्होरल्या सालाचं अंग आत्ताच इकलंय." आता याला अधिक ८ कसे द्यायचे? पण सरसकट उणे करावं, तर काही जोडपी खरंच पैसे गाठीला बांधून परततात.

कुणी असं काम केलंय का? अशा गोष्टींना गुण कसे देता?

प्रतिसाद:
बेरीज आधी बंद करा, तिच्यात सगळं झाकलं जातं. जनावराबाबत 'काय विकलं' याच्या जोडीला 'मागं काय राहिलं' विचारा. माद्या शाबूत असतील तर कळप पुन्हा उभा राहतो. उचल उत्पन्नात नको, कर्जात धरा. हंगामाअखेर हिशेब होऊन हातात जे उरेल तेच उत्पन्न. नवरा-बायकोला वेगळं बसवून विचारा, उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहा, सरासरी काढू नका. त्याच संघटनेची 'शार्प' प्रश्नावलीही बघा. अमुक गोष्ट पुरेशी आहे का आणि किती महत्त्वाची, हे तिथं शेतकरी स्वतः सांगतो. आणि एका पुरावर निकाल देऊ नका. २०१५-१६ च्या दुष्काळात याच घरांनी आधी काय विकलं, शेवटी काय विकलं, तो क्रम लिहून घ्या.

धागाकर्ता:
आभार! विकण्याचा क्रम सहा घरांत विचारून पाहिला. चार घरांत पहिल्यांदा बायकोचे डोरल्यातले मणी गेले होते, आणि तो रकानाच आमच्याकडे नव्हता. उचल कर्जात टाकल्यावर कोयत्याची घरं भराभर खाली आली.

आता नवीन अडचण. पहिली फेरी दसऱ्यानंतर, ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आत केली होती. उरलेल्या घरांसाठी नोव्हेंबरात गेलो तर ११ दारांना कुलूप. माणसं परतायची म्हणून गुढीपाडव्यापर्यंत थांबायचं म्हटलं तर अहवालाची मुदत जाते, आणि ही घरं वगळून सरासरी काढली तर गाव आहे त्यापेक्षा बरं दिसतं. ऊसफडातच जाऊन कोपीवर (मजुरांच्या झोपडीवर) मुलाखती घेतल्या तर चालेल का? मुकादमासमोर (मजूर नेणाऱ्या ठेकेदारासमोर) बायका बोलतील असं वाटत नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.